भिंगच्या नजरेआड एक फुगा

"ताई, खुर्ची हलणारी सांगितलीस की साधी?" धाकटी बहीण दुकानाची पायरी चढायच्या आत ओरडली.

मी चादरीची घडी घालत होते. चादर हातातून सुटली. "कसली खुर्ची?"

"माझ्या वाढदिवसाची. गुरुवारी सुताराला पैसे पाठवलेस ना? हलणारी असेल तर नको बाई, मला गरगरतं."

माझ्या या बहिणीला सगळा रस्ता 'भिंग' म्हणतो. माझ्या लाँड्रीच्या समोरच तिचं शिवणाचं दुकान. बटणं लावणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं ही तिची कामं. पण सुईत दोरा ओवता ओवता कोणाच्या घरात काय शिजतंय तेही ती सांगते. आईने कपाटावर लपवलेली बाहुली तिने आदल्या दिवशीच शोधून काढली होती. नवरा अंगठी घेऊन आला तेव्हा हिचं बोट आधीच पुढे. जुळं होणार हेसुद्धा डॉक्टरला हिनेच सांगितलं.

मागच्या वाढदिवसाला केक कापताना मात्र ती हळूच म्हणाली होती, "ताई, एकदा तरी कुणी मला फसवावं गं. सगळं आधीच कळतं. पाहिलेला सिनेमा परत पाहत बसल्यासारखं वाटतं." म्हणाली आणि हसली, पण सुरी केकमध्ये तशीच राहिली.

तेव्हाच मी ठरवलं होतं, हिच्या साठाव्या वाढदिवसाला हिला चकित करायचंच. आणि पहिलाच बेत, खुर्चीचा, चार दिवसांत पकडला गेला.

"सुतार बोलला का?" मी विचारलं.

"तो कशाला बोलतोय? तुझ्याच काचेवर लिहिलंय की." तिने दुकानाच्या काचेवरच्या ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "हा तुझा पत्ता. मोबाईलने टिपला, इंटरनेटवर टाकला, की तुझी सगळी अंडीपिल्ली बाहेर. कधी किती आले, कुठे किती गेले. सुताराचा पत्ता त्याच्या पाटीवर आहे. दोन्ही जुळले." आणि हसत हसत रस्ता ओलांडून गेली.

आमचं गाव बंदराचं. माझी निम्मी गिऱ्हाइकं खलाशी. त्यांच्याकडे इथले पैसे नसतात, म्हणून ते मोबाईलमधल्या त्या नव्या, क्रिप्टो का काय म्हणतात त्या नाण्यांनी पैसे देतात. जावयाने मला त्या नाण्यांचं मोबाईलमधलं पाकीट, म्हणजे वॉलेट, करून दिलं होतं आणि त्याच्या पत्त्याचा चौकोन छापून दिला होता. मी अक्षरं शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यामुळे माझ्या नावचं काहीही लिहिलेलं हातात आलं की ते चारचौघांना दिसेल असं लावायची मला हौस. म्हणून तो चौकोन काचेवर गेला.

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमचा ग्रह सज्जन आहे, फक्त मान वर करत नाही. दिवसभर मोबाईल दुरुस्त करत असतो. मी तरातरा त्याच्या दुकानात शिरले.

"जावईबापू, तुम्ही मला भर चौकात न्हाणीघर बांधून दिलंत!"

त्याने मान वर केली. "काय झालं, आई?"

मी सगळं सांगितलं. मग त्याने समजावलं की या नाण्यांची एकच वही असते आणि ती सगळ्या जगाला उघडी. त्यात नावं नसतात, नुसते पत्ते असतात. पण कुठला पत्ता कुणाचा हे एकदा कळलं, की...

"कळलं," मी म्हणाले. मला खरंच कळलं होतं. आमच्या धंद्यातली गोष्ट होती ती. कपड्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाहीत, कॉलरच्या आत शाईने खूण करतात. मला लिहिता येत नव्हतं तेव्हा खुणा मीच काढल्या. बेकरीवाल्याला तीन ठिपके, मास्तरीणबाईंना शिडी. दुसऱ्या कुणाला काही कळायचं नाही. पण बेकरीवाल्याच्या अंगातल्या शर्टावर एकदा कुणी तीन ठिपके पाहिले, की दोरीवरचं तीन ठिपक्यांचं भोकं पडलेलं बनियनही त्याचंच, हे जगजाहीर.

"म्हणजे मी माझ्या झाडून सगळ्या कपड्यांवर एकच खूण केली आणि वर ती काचेवर चिकटवली!"

"तसंच. खरं तर वॉलेट दर गिऱ्हाइकाला नवा पत्ता देतं. पैसे सगळे तुमच्याच वॉलेटमध्ये येतात."

"फुकट?"

"फुकट."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला एकच पुरे, लॅमिनेट करून द्या."

यावर मी विषय बदलला.

खुर्ची सुताराकडून रद्द केली. कारण आता मला त्याहून मोठं सुचलं होतं. बंदरामागच्या मैदानात एक फुगेवाला आला होता. गरम हवेचा घराएवढा फुगा, खाली वेताची टोपली, त्यात माणसं बसवून तो वर नेतो. भिंग सात वर्षांची असताना चादर धरून माळ्यावरून उडाली होती. पडली ती आईच्या साबणाच्या टबात. नाकातोंडातून फुगे काढत वर आली आणि विचारते कशी, "मी किती वेळ उडाले?"

फुगेवालाही नाणी घ्यायचा. पण त्याने आपला चौकोन फुग्यावरच रंगवला होता, खिडकीएवढा! तो पत्ता गावातल्या मांजरांनाही पाठ. माझ्या काचेवरच्या पत्त्यातून त्याला पैसे गेले, तर भिंगला तासाभरात कळणार.

"सोपं आहे," मी जावयाला म्हणाले. "जुन्या पत्त्यातले सगळे नव्यात टाकते आणि नव्यातून फुगेवाल्याला देते." माझा अंगठा बटणावर टेकत होता.

जावई असा उठला की हातातला स्क्रू उडून चहात पडला. "आई, थांबा! जुन्यातून नव्यात गेलेलंही वहीत दिसतं. वेश बदललात, पण चौकात उभं राहून!"

मग आमचं ठरलं. जुन्यातलं जुन्यात राहू द्यायचं. काचेवरचा चौकोन हलवायचा नाही, नाहीतर भिंगला वास येईल. खलाशी आला की गल्ल्याशी मोबाईल पुढे करायचा आणि दरवेळी नवा पत्ता दाखवायचा.

"आणि फुगेवाल्याला देताना हे सगळे एकत्र करू नका," जावई म्हणाला. "एकत्र गेले की..."

"एका गाडीत घातलेली गाठोडी एकाच घरची, हे शेंबडं पोरही ओळखेल," मी म्हणाले. त्याने कौतुकाने मान डोलावली. सासूचं कौतुक! मी दारापर्यंत तरंगतच गेले.

तीन महिन्यांत मी फुगेवाल्याला चौदा वेळा पैसे पाठवले, चौदा वेगवेगळ्या पत्त्यांवरून. दरवेळी मैदानात जाऊन त्याला सांगायचे, "आज ज्या पत्त्यावरून आले, तो माझा." तो टोपलीला खडूची रेघ मारायचा.

इकडे भिंग मात्र बिघडत चालली. रोज येऊन मशिनींकडे बघत उभी राहायची.

"ताई, काम कमी झालंय का?"

"छे गं."

"खरं सांग."

"आहे की भरपूर."

मग ती माझ्या दुकानात दिवसा लावलेला दिवा बंद करून जायची. दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्यापुढे ठेवायची. मला वाटलं, हिला वास लागला. माझी झोप उडाली.

मग एका दुपारी मोबाईल किणकिणला. काचेवरच्या जुन्या पत्त्यावर पैसे आले होते. खलाशी तर कुणीच नव्हता. आठवड्याने परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चष्मा लावून मी पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला. मी अजूनही अक्षरं आकारांवरून ओळखते. शेवटी एक आकडी, मग दोन अंडी, मग दात पडलेला कंगवा.

आकडी, अंडी, कंगवा! हे भिंगच्या बटणांच्या डब्यावर लिहिलेलं! खलाशी तिच्याकडेही बटणं लावून घ्यायचे; तिचाही एकच पत्ता, तोही डब्यावर.

तेव्हा उजेड पडला. ती रोज ती उघडी वही बघत होती. तीन महिने माझ्या पत्त्यावर छदाम आला नव्हता. तिला वाटलं, ताईचं दुकान बुडालं आणि ताई ताठ्याने सांगत नाही. म्हणून बाईसाहेब गुपचूप मदत करत होत्या. सगळ्या रस्त्याची बित्तंबातमी ठेवणारी, आणि स्वतःच्या पावलांचे ठसे पुसायचं हिला सुचलं नाही!

मी कपड्यांच्या टोपलीत बसले आणि पोट धरून हसले. मग डोळे पुसले. पुसले ते गिऱ्हाइकाच्या उशीच्या अभ्र्याला, तो परत धुवावा लागला.

पळत जाऊन तिला सांगावं, मिठी मारावी, असं फार वाटलं. पण सांगितलं तर फुगा गेला. दहा दिवस उरले होते. दहा दिवस मी जीभ दाताखाली धरून इस्त्री केली.

वाढदिवसाच्या सकाळी तिला म्हटलं, "मैदानात टेबलक्लॉथ पोचवायचेत, गाठोडं धर जरा."

"मैदानात कुणाचं टेबल?" ती भिंगच. पण आली.

फुगेवाला टोपलीचं दार उघडून उभा होता. "या, दोघीजणी! चौदा रेघा पुऱ्या झाल्या!"

भिंगने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वर त्या चौकोनाकडे. "शक्य नाही. तू याला एक पैसाही पाठवलेला नाहीस. मी रोज बघते!"

"रोज?"

"म्हणजे... कधीमधी."

"चढ."

"पण कसं? ताई, कसं?"

"चढ म्हणते ना!"

तिचा एक पाय टोपलीत, एक बाहेर, आणि हसू असं फुटलेलं की दुसरा पाय उचलेना. फुगेवाल्याने आणि मी तिला गाठोड्यासारखी आत ओढली. वर जाळ भडकला आणि जमीन सुटली. आमच्या दुकानांची छपरं, दोरीवरचे माझे कपडे, जहाजं, सगळं खेळण्याएवढं झालं. भिंगने आधी किंकाळी फोडली, मग तिला उचकी लागली, मग कठड्याला धरून ती खालच्या जहाजांना ओरडून सांगू लागली, "मला माहीत नव्हतं! अहो, मला काहीच माहीत नव्हतं!"

साठ वर्षांची बाई. टाचा उंच करून नाचत होती. टोपली डुलायला लागली, तसा फुगेवाला ओरडला, "आजी, बेताने!"

"आजी कुणाला म्हणतोस रे?" आम्ही दोघीही एकदमच बोललो आणि परत हसत सुटलो.

खाली उतरताना ती जरा शांत झाली. "ताई, पैसे कुठून आणलेस? दुकान तर..."

"दुकान काय?"

"नाही, लोक म्हणतात."

"दुकान झकास चाललंय. पण तुला गंमत सांगू? माझ्या जुन्या पत्त्यावर कुणीतरी तीनदा पैसे टाकले."

तिने तोंड समुद्राकडे वळवलं. कान लालबुंद. "असेल कुणी खलाशी."

"असेल," मी म्हणाले.

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे धुते. कुणाच्या कॉलरवर काय लागलं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीचं तरी का सांगू?

पैसे मात्र परत करायला हवे होते. सरळ दिले असते तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. म्हणून त्या आठवड्यापासून माझ्याकडे येणाऱ्या शर्टांची बटणं फार तुटायला लागली आहेत. कात्री मी गल्ल्याखाली ठेवते. बटणं भिंग लावते, गिऱ्हाइकाकडून मी त्याचे पैसे घेत नाही, आणि तिची मजुरी जाते ती दरवेळी नव्या पत्त्यावरून.

काल ती दारातूनच ओरडली, "ताई, ती मशीन बघून घे गं! बटणं खाते!"