अर्ध्या मिलिमीटरची फट

कपाशीचं बी पेरायच्या टोकणयंत्राच्या दांड्यावरून फिरणारा अब्बांचा अंगठा जिथे अडायला हवा होता, तिथे अडला नाही. मलिहाने मोजायचा व्हर्नियर लावला. दांडा अर्धा मिलिमीटर बारीक झाला होता.

"पास," अब्बा म्हणाले आणि त्यांनी पुढचा उचलला.

खामगावात तीस वर्षं लोक गफ्फार मिस्त्रींच्या या अंगठ्यावर भरवसा ठेवत आले होते. शुगरने तो बधिर होत चालला होता. हे बाप-लेक दोघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं. मलकापूरचा एक व्यापारी दोन वर्षांपासून त्यांची कातकामाची लेथ विकत मागत होता. त्याला अब्बा म्हणत, "पाहू." पॉलिटेक्निक झालेली मलिहा विचारी, "लेथवर मी उभी राहू?" तिलाही तेच, "पाहू."

दुपारी सुभद्राबाई टोकणयंत्र खांद्यावर टाकून आल्या.

"गफ्फारभाई, दोन-दोन सरक्या पडून राह्यल्या! बीटीचं पाकीट अर्ध्या वावरातच सरलं. मालकीण मलेच बोलते."

"हात जड असन तुमचा."

"हात माहाच हाय. यंत्र कोनाचं हाय बाप्पा?"

अब्बा हसले, पण दांडा हलवून पाहिला तर तो भोकात खुळखुळत होता. नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

चूक मुळात मलिहाची होती. यंत्राचं चित्र तिचंच, आणि त्यात तिने दांडा तेवीस मिलिमीटरचा काढला होता. बाजारात मिळतो वीसचा, नाहीतर पंचविसाचा. म्हणून अब्बा प्रत्येक दांडा पंचविसाचा तेवीस करत बसत, आणि दर वेळी माप चुकायला जागा राही. तिने ओढणी खुंटीला टांगली, वेणीचा अंबाडा घातला. बाजारचा वीसचा गुळगुळीत दांडा आहे तसाच ठेवला. फक्त तो ज्यातून सरकतो ती इंचभर लांबीची नायलॉनची नळी, बुश, लेथवर कातली. आता माप एकाच जागी सांभाळायचं होतं.

अब्बा परतले. बुशमध्ये दांडा उभा सोडला. तो स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला. त्यांनी बुश अंगठ्याने नव्हे, गालाला लावून पाहिली.

"कोनं कातली?"

"मी."

यंत्रात नवा दांडा बसवून झाल्यावर, तोवर थांबलेल्या सुभद्राबाईंनी अंगणातच वीस ठोके मारले आणि वाकून माती उकरली. "वीसच्या वीस! एक बी जास्त नाही. काऊन मिस्त्री, पोरीले आधी काऊन नाही लावलं?"

तेवढ्यात मलकापूरचा फोन आला. मलिहा लेथवरचा नायलॉनचा कीस झाडत राहिली. "पाहू" ऐकायची तिला सवय होती.

"नाही भाऊ," अब्बा म्हणाले, "लेथ विकाची नाही. माहा अंगठा गेला. पन चालवणारी घरातच हाय."