आत्याबाईचा डोह

आमच्या ओढ्यातला सगळ्यात मोठा मासा मी धरला, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मी धरलेले सगळे मासे खरे असते तर ओढ्यात पाण्याला जागा उरली नसती, असं माझी बायकोच म्हणते. पण पुढचं ऐका, ते त्याहून अशक्य आहे. तो मासा धरल्यावर मी वर्षभर त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. बोटभर मासळीचं माप दाखवताना दोन्ही हात पसरून शेजाऱ्याचा चष्मा पाडलेला माणूस मी. आणि हातभर मासा धरून गप्प बसलो.

मी टेलर. चाळीस वर्षं लोकांची पोटं मोजली आणि तोंडावर नेहमी दोन इंच कमी सांगितली. तेव्हा थोडं इकडचं तिकडे करणं हे माझ्या धंद्यातच बसतं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करतो. तो अगदी उलट. कुणी वेळ विचारली तर "सव्वापाच" म्हणणार नाही, "पाच सोळा" म्हणेल, आणि बोलेपर्यंत सतरा झाले तर मागून हाक मारून दुरुस्त करेल. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून तो सुईने बारीक आकडा कोरतो. गिऱ्हाइकाला तो जन्मात दिसत नाही. पण दहा वर्षांनी तेच घड्याळ परत आलं की हा झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो आणि सांगतो, हे माझंच काम, तेव्हा स्प्रिंग बदलली होती. "आपल्या हातून गेलेली वस्तू आपल्याला ओळखता आली पाहिजे, दाजी," असं त्याचं म्हणणं.

आमच्या दोघांत समान गोष्ट एकच. रविवार आणि ओढा.

ओढा म्हणजे काय, लाँड्रीच्या मागून निघतो, शाळेच्या भिंतीला घासून जातो आणि पादचारी पुलाखालून पुढे कुठेतरी तोंड लपवतो. जिथे अरुंद आहे तिथे एका ढांगेत ओलांडता येतो, जिथे रुंद आहे तिथे दोन ढांगांत. लाँड्रीवाल्याने टाकी रिकामी केली की वरून साबणाचा फेस येतो आणि आपण पाण्यात नाही, ढगात गळ टाकलाय असं वाटतं. गांडूळ लावावं तर खेकडे खाऊन जातात. काठी उचलावी तर तंगुसाची दोरी वरच्या फांदीत. मासा लागला म्हणून हरखून ओढावं तर प्लॅस्टिकची पिशवी, तीही पाण्याने भरून अशी जड की आशा शेवटपर्यंत सुटत नाही. एकदा मला डाव्या पायाचा बूट लागला. पुढच्या रविवारी त्याच जागी उजव्या पायाचा. दोन्ही माझ्या मापाचे. ते घालून मी पुतणीच्या लग्नात मिरवलो. हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

तरीही आम्ही जायचो. कारण पाण्यावरचं बूच जेव्हा एकदा, उगाचच, किंचित थरथरतं ना, तेव्हा माणसाला कंबर नसते, गुडघे नसतात, वय नसतं. श्वाससुद्धा परवानगी विचारून घ्यावा लागतो.

आणि आत्याबाई होती. पुलाखालच्या डोहात एक मिशांचा मासा राहायचा, जुना, काळा, हातभर लांब. आत्याबाई हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. त्या बहीणभावांची खरी आत्या अशीच होती म्हणे: मिशा थोड्या कमी, पण यायची, समोर ठेवलेलं सगळं खायची आणि उपकाराचा एक शब्द न बोलता निघून जायची. आठ वर्षं मेहुणा तिच्यामागे होता. जुन्या गजराच्या घड्याळांच्या स्प्रिंगा तापवून, कानशीने घासून तो तिच्यासाठी स्वतः गळ बनवायचा. निळसर, चपट्या दांड्याचे, दागिन्यासारखे. ती त्यावरचं आमिष खायची आणि जायची.

आमचा एक नियम होता. पुलाखालचा डोह त्याचा, लाँड्रीमागचं वळण माझं. तो शेजारी बसलेला असल्याशिवाय मी डोहात दोरी टाकायची नाही, आणि मी नसताना त्याने वळणावर. लिहून ठेवला नव्हता. लिहावा लागला नव्हता.

गेल्या वर्षी आत्याबाई पहिल्यांदा गळाला लागली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात गळ रुतला, काठी कमानीसारखी वाकली, मेहुणा ओरडला, "दाजी, धरा!" आणि मी काय धरावं हे ठरवेपर्यंत तंगूस तुटला. गळ तिच्या ओठातच गेला. मेहुणा कितीतरी वेळ पाण्याकडे बघत हसत होता. "निदान ओळख तरी झाली," म्हणाला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझा गळ दगडाखाली अडकला. मी म्हटलं, राहू दे, तोडतो. तर हा म्हणे, "गळ असा टाकून देऊ नये," आणि विजार वर करून पाण्यात उतरला. शेवाळावरून पाय सरकला. गुडघ्याची वाटी फुटली. माझ्या गळासाठी.

तो दवाखान्यात होता तेव्हा, त्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ओढ्यावर गेलो. नुसता बसायला गेलो होतो असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या वळणावर साबणाचा फेस होता. पुलाखाली पाणी स्वच्छ होतं. एकदाच, म्हटलं. कोण बघतंय?

कुणी बघत नव्हतं. पाच मिनिटांत आत्याबाई लागली.

इथे एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की तिने मला शाळेच्या भिंतीपर्यंत ओढत नेलं, मुलं खिडकीत आली, घंटा वाजली. तसलं काही झालं नाही. ती म्हातारी होती. दोनदा शेपूट मारलं आणि आली. शहाण्यासारखी आली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मेहुण्याचा निळा गळ चमकत होता.

मी तिला परत सोडू शकलो असतो. पाणी वीतभर अंतरावर होतं. मी इकडे तिकडे बघितलं, तिला पिशवीत घातलं आणि पिशवीवर शर्ट टाकला. बायकोचा भाऊ पाय बांधून पडलाय आणि हा माणूस नुसत्या बनियनवर भर दुपारी गल्लीबोळातून घरी चाललाय, असं ते दृश्य.

बायकोने बघितलं आणि विचारलं, "अहो, ही आमच्या भाऊची आत्याबाई तर नव्हे?"

"छे गं! ही खालच्या बंधाऱ्यावरची. आत्याबाई हिच्या दुप्पट आहे."

"मिशा तशाच दिसतायत."

"मिशा काय, तुझ्या काकांच्याही तशाच आहेत."

ती हसली. सरळ मनाची बाई. तिने मासा साफ केला, तळला. मी एक घास घेतला. चिखल. आठ वर्षांचा मुरलेला चिखल. तोंडातला घास गिळवेना आणि थुंकवेना. तेवढ्यात ती डबा भरताना दिसली.

"हे कुणाला?"

"भाऊला. दवाखान्यातलं पांचट खाऊन कंटाळलाय बिचारा."

मला तोंड उघडायला जागा होती. मी ते मिटलं. तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो, खाटेशेजारी स्टुलावर बसलो आणि मेहुण्याने काटे काढत काढत दोन तुकडे खाल्ले ते पाहिलं. "चिखलाचा वास येतोय जरा," तो म्हणाला, "पण दाजींनी आठवणीने आणलंय." आणि राहिलेला तुकडाही संपवला.

माणसाला लाज वाटते तेव्हा कान तापतात असं म्हणतात. माझे तळपाय तापले. वहाणांत पाय ठेववेनात.

तो निळा गळ मी फेकायला हवा होता. पण अशी वस्तू हातातून सुटत नाही. शिलाई मशीनच्या तेलाने पुसून बॉबिनच्या डबीत ठेवला आणि डबी माझ्या गळांच्या पिशवीच्या तळाशी.

मेहुणा घरी आला आणि खाटेवरून उठेना. डॉक्टर चाला म्हणाले, तर हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. दुकान बंद. माझी बायको रोज जाऊन रडून यायची. एक दिवस मी त्याच्या उशाशी बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आज आत्याबाई दिसली रे. पुलाखाली. तुझा गळ ओठात मिरवतेय, नथीसारखा."

त्याने मान वळवली. "खरंच?"

"तुझी शपथ."

दुसऱ्या दिवशी तो दारापर्यंत चालला. आठवड्याने कोपऱ्यापर्यंत. दीड महिन्याने काठी टेकत ओढ्यावर आला आणि रिकाम्या डोहात गळ टाकून बसला. घरी सगळे मला म्हणाले, तुमच्यामुळे भाऊ उभा राहिला. बायकोने तर मला आवडतो म्हणून सांजा केला. तो मला चिखलासारखा लागला.

मग मला थांबता येईना. दर रविवारी तो विचारायचा, "दिसली?" आणि मी सांगायचो. आज पाण्यात कोलांटी मारली. आज पिल्लांना घेऊन निघाली होती. आज माझ्याकडे बघून मिशी हलवली. तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि माझ्या मेलेल्या आत्याबाईसाठी नवं गांडूळ लावायचा. दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. आणि दर वेळी बूच तरंगत असायचं, तो त्याच्याकडे डोळे लावून बसलेला असायचा, आणि मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

परवाच्या रविवारी तो म्हणाला, "दाजी, मी ठरवलंय. लागली तरी तिला घरी न्यायची नाही. गळ काढायचा, तोंड बघायचं, सोडून द्यायचं. माझ्यामुळे बिचारी वर्षभर लोखंड घेऊन फिरतेय. मला झोप लागत नाही."

त्याला झोप लागत नव्हती.

मी काठी उचलून माझ्या वळणावर गेलो. त्या दिवशी ओढा माझ्या जिवावर उठला होता. पहिला गळ मुळांत गेला, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिसरा खेकड्याने कुठे नेला देव जाणे. माझी गळांची पिशवी चाचपली तर बॉबिनची डबी हाताला लागली. मेहुणा पन्नास पावलांवर, पाठमोरा. म्हटलं, गळासारखा गळ. त्याला काय कळणार? बांधला आणि टाकला. तोही मुळांत अडकला. मी वैतागून जोरात ओढला, तो सुटला आणि सुसाट येऊन माझ्या अंगठ्यात, टोकाच्या उलट्या काट्यापर्यंत आत.

मी असा ओरडलो की लाँड्रीवाला इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला. मेहुणा लंगडत, त्या गुडघ्यावर, जवळजवळ पळत आला.

"हलू नका. दाजी, हात द्या इकडे. बघू नका, दुसरीकडे बघा."

दगडावर बसून त्याने माझा हात मांडीवर घेतला. खिशातून चिमटा काढला, बारीक पक्कड काढली. ती, आणि डोळ्याचं भिंग, त्याच्या खिशात नेहमीच असतात. गळाचा दांडा त्याच्या तोंडासमोर होता. निळा. पण निळे गळ काय, त्याने मला कधी ना कधी दिलेही असतील, असं मी मनात जुळवत होतो. त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायला हवं होतं, आणि मला त्यासाठी एकच गोष्ट ठाऊक आहे.

"आज सकाळी दिसली," मी म्हणालो.

"हं. हात सैल सोडा."

"तू यायच्या आधी. पुलाच्या खांबाशी. इतकी मोठी झालीय आता, काय सांगू. अगदी वर आली."

"बरं." त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि खाली वाकला.

"तुझा गळ अजून तसाच आहे ओठात. ऊन पडलं तर असा चमकला! मी म्हटलं, आत्याबाई, धीर धरा, आमचा भाऊ येतोय सोडवायला."

चिमटा थांबला. मला वाटलं, आता दुखणार. दुखलं नाही. तो नुसता वाकून राहिला होता. त्याचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. मग त्याने नखाने दांड्यावरचं रक्त पुसलं, माझा हात उन्हाकडे वळवला आणि पुन्हा बघितलं.

"ओठाच्या कुठल्या बाजूला?" त्याने हळूच विचारलं.

"उजव्या," मी म्हणालो. "उजव्याच. मी स्वतः बघितला ना. आत्ता, तासाभरापूर्वी."

त्याने भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उठला होता. माझा हात त्याने सोडला नाही. अंगठ्यात गळ तसाच होता आणि त्याने दांड्यावर एका जागी नख टेकवलं.

"इथे एकवीस कोरलंय," तो म्हणाला. "तिच्या ओठात गेला तो एकविसावा. दाजी, खोटं बोलताय तुम्ही. आत्याबाई वर्षापूर्वीच गेली. तुम्ही काढलीत, आणि डब्यातून मला खायला घातलीत."