दहा वाजताचा वाडगा

फेक सिमच्या थोरल्या मुलाला महिना भरला आणि चिनी रिवाजाने लाल अंडी वाटली, त्या सालची ही गोष्ट. तिचा बाप खोर थिआन सेंग तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. पेनांगमध्ये पुलाव टिकुसच्या बाजारामागे म्हाताऱ्या फूचं कॉफीचं दुकान आहे. तिथे त्याची नूडल्सची गाडी लागायची, त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, तिसऱ्या, मोडाचे मूग, वर बदकाचं अंडं, असा त्याचा घाणा. खाली कोळसा. आजूबाजूच्या सगळ्यांनी गॅस घेतला होता, सेंगने घेतला नव्हता. "कोळशाचा वास कढईत उतरतो तो गॅसच्या बापाला जमायचा नाही," असं तो म्हणे, आणि खरोखरच त्या वासासाठी माणसं सिंगापूरहून यायची, पाऊण पाऊण तास रांगेत उभी राहायची. चुलीमागे पाटावर त्याची बायको गेक इम बसायची. ताडाच्या पंख्याने निखारा फुलवायची. जाळ केव्हा चढवायचा, केव्हा उतरवायचा, हे सेंगने तिला कधी सांगावं लागलं नाही.

एवढं सगळं चांगलं होतं. पण रोज सकाळी दहा वाजले की गेक इम पंखा खाली ठेवायची, केसांवरची राख झटकायची आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला किम स्वीच्या गाडीजवळच्या टेबलावर जाऊन बसायची. चिआ किम स्वी नारळाच्या दुधातल्या करीत नूडल्स घालून विकायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही, एका पायाने लंगडा, बोलणं मऊ. त्याने वाडगा समोर ठेवला की गेक इम शेवटच्या थेंबापर्यंत खायची. डोळ्यांतून पाणी काढायची, नाक पुसायची, आणि मधूनच त्याच्या कसल्यातरी बोलण्यावर हसायची.

असं अकरा वर्षं चाललं होतं. आणि या अकरा वर्षांत तिने सेंगच्या कढईतली एक नूडल तोंडात घातली नव्हती.

एका दुकानातले गाडीवाले एकमेकांकडून पैसे घेत नाहीत. त्या रिवाजाने सेंगची एक प्लेट रोज किम स्वीकडे जायची आणि चाटूनपुसून परत यायची. तेही सेंगच्या डोळ्यांत खुपायचं. आपल्या बायकोला आवडत नाही ते या माणसाला कसं आवडतं? का हा मुद्दाम आवडीनं खातो?

"पिकतं तिथं विकत नाही, सेंग," फू गल्ल्यावरून म्हणायचा. "सगळं पेनांग तुझ्या दारात, आणि तुझी बायको त्याच्या."

"कॉफी गाळ," सेंग म्हणायचा. "तुझ्या कॉफीत गाळ जास्त आणि तोंडात त्याहून."

हसून बोलायचा, पण पोटात दुखायचंच. दहा ते साडेदहा या वेळात त्याचा हात बिघडायचा. डोळे कढईत, कान त्या टेबलाकडे. गेक इम परत येऊन पाटावर बसायची, वाटेत गिऱ्हाइकांच्या उष्ट्या प्लेटांवरून नजर फिरवायची आणि म्हणायची, "काळा सॉस जास्त पडतोय आज. लोक तळाशी ठेवताहेत."

"तू चाखलंस?"

"चाखायला कशाला हवं? दिसतं की."

"त्याचं चाखतेस ना रोज?"

"हो म्हाताऱ्या, चाखते," ती म्हणायची आणि पंखा उचलायची. जाळ भप्पकन वर यायचा. तिथं बोलणं संपायचं.

लाल अंड्यांच्या दिवशी गेक इम घरून मोठा डबा भरून घेऊन आली. हळदीचा चिकट भात, कोंबडीची करी आणि रंगवलेली अंडी. तिने दुकानातल्या प्रत्येक गाडीवर भात दिला आणि जोडीने दोन दोन अंडी दिली. फूला दोन. फळं कापणारीला दोन. किम स्वीच्या पुढ्यात तिने चार ठेवली.

सेंगने कढईवरून ती मोजली. परत मोजली.

"चार का?" तो तिथूनच ओरडला. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

"त्याच्या घरी कोण रंगवणार आहे अंडी?" गेक इम म्हणाली. "खाईल बापडा उद्या सकाळी."

किम स्वी गोरामोरा झाला. "आसो, राहू दे, दोन पुरेत," तो म्हणाला. थोरल्या भावाच्या बायकोला म्हणावं तसं तो तिला आसो म्हणायचा आणि सेंगला को, म्हणजे दादा.

"ठेव," गेक इम म्हणाली आणि त्याच्या टेबलावर बसली. दहा वाजले होते.

सेंगने समोरच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर बाजूला सारली. सगळ्यांत मोठ्या आठ कोळंब्या काढल्या. चरबी घातली, लसूण घातला, स्वतःच्या हाताने निखारा वारला. तिसऱ्या कच्च्याही नाहीत आणि वातडही नाहीत अशा उतरवल्या, वर दोन अंडी फोडली. प्लेटीऐवजी केळीच्या पानावर वाढलं, जसं लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला वाढायचा. आणि ते घेऊन सगळं दुकान ओलांडून गेला. किम स्वी तिच्यासाठी वाडगा आणत होता, त्याला त्याने खांद्याने बाजूला केलं आणि पान तिच्यासमोर ठेवलं.

"आज हे खायचं."

गेक इमने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग काड्या उचलल्या, एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला.

"कसं झालंय?"

"बरं आहे."

"बरं? मीठ कसंय?"

"मीठ अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. चार घास खाऊन काड्या पानावर आडव्या ठेवल्या. "झालं माझं. गिऱ्हाइकं उभी आहेत, जा."

सेंगने पान उचललं आणि गाडीकडे येता येता रागाने त्यातला एक घास तोंडात कोंबला. त्याचं तोंड वाकडं झालं. रागाच्या भरात त्याने दोनदा मीठ घातलं होतं. नुसता समुद्र. कुत्र्यानेसुद्धा थुंकून टाकलं असतं.

आणि ही म्हणाली, मीठ बरोबर आहे!

म्हणजे हिने त्या माणसासमोर आपली टिंगल केली, एवढंच सेंगला कळलं. दुपारी दोनला ती मागे नळावर प्लेटा विसळायला गेली, तसा तो उलथनं हातात घेऊनच किम स्वीच्या गाडीकडे निघाला. फूने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. आज काहीतरी होणार, हे त्याला दिसत होतं.

गाडीवर तिचा सकाळचा वाडगा तसाच होता. पान समोर आलं म्हणून परत गेलेला. गार झालेला, वर लाल तवंग.

"एवढं काय घालतोस यात?" सेंग म्हणाला. "बघूच दे."

"को, तो नको, दुसरा देतो," किम स्वी घाईने म्हणाला आणि वाडग्यावर हात धरला.

"दुसरा का? हिच्यासाठी वेगळा असतो?"

"असतो."

सेंगने वाडगा ओढला आणि तोंडाला लावला. पहिल्या घोटाला त्याची जीभ पेटली. दुसरा घोट गिळवेना. करीची चव नव्हती, नारळाची नव्हती, नुसतं वाटलेल्या मिरचीचं तिखट, कडूजहर होईस्तोवर घातलेलं. तो खोकला, डोळे पुसत राहिला. किम स्वीने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"हे ती खाते?"

"पाच चमचे. मागच्या वर्षी चार होते. अगदी सुरुवातीला अर्धा होता."

"कशासाठी?"

किम स्वीने गाडीच्या फडक्याला हात पुसले. "को, तिला चव लागत नाही. वासही येत नाही. तिखटाने जीभ भाजते तेवढंच कळतं. माझी करी ती खातच नाही रे, मिरची खाते. माझ्याऐवजी कोणाचीही करी चालली असती, मिरची आमच्याकडे मिळते म्हणून इथं येते."

सेंगचं उलथनं टेबलावर पडलं.

"धुरानं गेलं म्हणते. सव्वीस वर्षं धुरात तोंड घालून बसलीय."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कोळसा फेकून दिला असतास."

"दिलाच असता!"

"म्हणूनच," किम स्वी म्हणाला. "ती म्हणायची, रांग कोळशाची आहे. रांग गेली तर म्हातारा माझ्याकडे बघून बघून झुरेल."

मागून नळाचा आवाज येत होता. प्लेटा एकमेकींवर बसत होत्या. सेंगला आपल्या तोंडातलं मीठ आठवलं, आणि त्यानंतर त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला पुढे मरेपर्यंत लाज वाटली. धुराचा विचार नंतर आला. आधी हेच आलं.

"तुला सांगितलं तिने," तो म्हणाला. "मला नाही, तुला."

"मी विचारलं, को," किम स्वी म्हणाला. "दोन चमचे झाले तेव्हा विचारलं, आसो, एवढं तिखट कशाला. तू कधी विचारलंस?"

सेंगने कधीच विचारलं नव्हतं. अकरा वर्षं त्याने फक्त तिचे वाडगे मोजले होते.

पुढच्या सोमवारी तो गॅसची टाकी घेऊन आला. गेक इमने निळा जाळ बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कोळसा महाग झालाय."

"त्या लंगड्याचं तोंड फुटलं वाटतं." मग ती पंखा घेऊन आली आणि त्यानेच सेंगच्या पाठीत एक हाणला. "आता लोक काय खातील? गॅस? सव्वीस वर्षं मी काय हवा खायला बसले होते तिथं?"

"लोक काय खायचं ते खातील. तू धूर खाऊ नकोस."

पाच-सहा महिन्यांत रांग अर्ध्यावर आली. सिंगापूरवाले एकदा येऊन नाकं मुरडून गेले. फू म्हणाला, पूर्वीची मजा नाही. गेक इम आता चुलीजवळ बसायची नाही, टेबलं पुसायची. पण दहा वाजले की जायची तिथेच.

सेंगही जाऊ लागला. गॅस बंद करून तिच्या शेजारी बसायचा आणि किम स्वीकडून अर्ध्या चमच्याचा वाडगा घ्यायचा. करी चांगली होती. इतकी चांगली होती की त्याला जास्तच राग यायचा. त्याहून राग यायचा तो याचा, की किम स्वी काही न विचारता तिच्या वाडग्यात बरोबर हवे तेवढे चमचे घालायचा. तिने नुसती मान हलवली की त्याला कळायचं.

दोनेक वर्षं हे बघून झाल्यावर एक दिवस सेंग उठला आणि तिखटाच्या बरणीतला चमचा किम स्वीच्या हातातून काढून घेतला.

"आण इकडे. माझी बायको आहे."

"घे बाबा," किम स्वी म्हणाला आणि बाजूला झाला.

सेंगने चमचा बुडवला आणि वळून तिला विचारलं, "किती घालू?"

गेक इमने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. हसायला लागली तसा तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर म्हणाली, "सहा घाल. आणि नीट घाल म्हाताऱ्या, सांडतंय."

त्यानंतर तो रोज विचारायचा. सहाचे सात झाले. शेवटचे काही महिने ती दुकानात येऊ शकायची नाही, तेव्हा सेंग किम स्वीकडून साधा वाडगा आणि निराळ्या पुडीत तिखट बांधून न्यायचा. चमचे तो घरी घालायचा, तिच्यादेखत, विचारून. किम स्वी बघायला आला तर दारातच त्याची पिशवी काढून घ्यायचा आणि पाच मिनिटांनी त्याला चहा विचारायचा.

ती गेल्यावर फेक सिमने बापाला विचारलं, आईच्या फोटोपुढे काय ठेवायचं, तिला आवडायचं ते ठेवतात. सेंगने किम स्वीचा वाडगा ठेवला. त्यात सात चमचे घातले. शेजारी केळीच्या पानावर आपल्या हातच्या नूडल्स ठेवल्या. त्या दिवसापुरती त्याने परसात कोळशाची चूल पेटवली होती. पान वाडग्याच्या पुढे सरकवलं. फेक सिम बघत होती, म्हणून पुन्हा थोडं मागे घेतलं. सारखं केलं.

गेक इम वारली ती नातू सहा वर्षांचा होऊन शाळेच्या बालवर्गात होता त्या साली, चिनी आठव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी, सकाळी. छातीच्या दुखण्याने गेली. किम स्वी तिच्यामागून चौथ्या वर्षी वारला, आणि त्याच वर्षी, पाऊस संपता संपता, सेंग.