रिकामी सोडलेली दोरी

दोरीवाले काका म्हणजे धनुर्विद्या क्लबचं चालतंबोलतं नियमांचं पुस्तक. धनुष्यांच्या खोलीची किल्ली कमरेला आणि उपदेश ओठांवर. दोरीला वेळच्या वेळी मेण लावा, धनुष्य उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि काही झालं तरी बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी सोडू नका. बाणात जायची ती ताकद मग धनुष्यातच शिरते आणि त्याची वाकणारी पाती तडकतात. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की पोरं त्यांची नक्कल करताना नेमकं हेच वाक्य म्हणत.

सोमवारी दुपारी, खोलीत एकटे असताना, काकांनी तेच केलं.

धनुष्य सख्ख्या पुतणीचं होतं. टोकांना चाकं असलेलं, कंपाऊंड, तिच्या हाताच्या मापाला बसवलेलं. मेण लावून झालं, चाकांच्या आसांना थेंबभर तेल देऊन झालं. तिथंच थांबायचं ना! पण एवढी ओढ अजून आपल्याला पेलते का, हे बघायची हुक्की आली. पेलली. काका खिडकीच्या काचेत स्वतःची ऐट बघायला गेले आणि अंगठा हातातल्या, दोरी सोडायच्या कळीच्या बटणावर पडला.

खाडकन आवाज झाला. दोरी जागेवरच होती, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. पण पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवला, तेव्हा खालच्या पात्याच्या कडेला तंतू अडकले. केसाएवढी भेग. असं धनुष्य ओढताना कधी तोंडावर फुटेल, सांगता येत नाही. नवी पाती यायला पंधरा दिवस लागतात, आणि निवड चाचणी गुरुवारी.

उद्या सगळ्यांसमोर तपासायला घेऊ आणि भेग ‘सापडली’ म्हणू, असं ठरवून त्यांनी धनुष्य खुंटीला टांगलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पण मंगळवारी पुतणी त्यांच्या आधीच आली होती. काका पोचले तेव्हा ती बोळा हातात धरून जमिनीवर बसली होती.

"काका, माझंच चुकलं," ती म्हणाली. "शनिवारी बॅग जिन्यावर आपटली होती. मी कुणाला बोलले नाही."

काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात प्रशिक्षक बाई आत आल्या. क्लबकडे एक जादा धनुष्य होतं. पण ज्याचं धनुष्य त्याच्याच हलगर्जीपणानं बिघडलं, त्याला ते द्यायचं नाही, असा नियम होता. तो काकांनीच भांडून करून घेतला होता.

"जादा धनुष्य तुला मिळणार नाही," सगळं ऐकून बाई म्हणाल्या. "म्हणजे चाचणीही नाही. नियम तो नियम. काय काका?"

"हो," काका म्हणाले.

एवढंच म्हणाले. पोरगी हुंदके देऊन रडायला लागली, तेव्हा त्यांनी पेलाभर पाणी आणून दिलं आणि वर ‘पुढच्या वेळी जपून हं’ असंही म्हणाले. जिभेला काही हाड!

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भावोजी, तिला रागावू नका हं. तुमच्या नजरेतून आपण उतरलो असं वाटून ती जेवतसुद्धा नाहीये."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाही ते फक्त ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वतःचीच इतकी किळस आली, की त्यांना घास गिळवेना.

बुधवारी सकाळी मैदानावर सगळी पोरं जमल्यावर त्यांनी सांगून टाकलं. धनुष्य कुणी ओढलं, बटण कसं दाबलं गेलं, मंगळवारी आपण गप्प का बसलो, सगळं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. किल्ली त्यांनी आपणहून बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी जादा धनुष्य काढून पुतणीला दिलं. ते तिच्या मापाला आणून, नेम धरायची दुर्बीण जुळवून, हात बसायला दोन दिवस तरी हवेत. उरला होता एक. दुसरा काकांनी खाल्ला होता.

"मी माप लावून देतो," ते म्हणाले. "तुझं नुकसान केलं गं मी. त्या पात्याचं..."

"पातं काय, तुटतं," पुतणी म्हणाली. तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "काल मी रडत होते, तेव्हा तुम्ही मला पाणी आणून दिलंत. आणि मी तुम्हाला थँक्यू म्हणाले, काका."