दोन क्लिकमध्ये निघणारा ईमेल

ब्रसेल्सच्या युरोपीय आयोगापुढे वीर्लेला बोलायला दहा मिनिटं मिळाली होती, ती तिने एका दमात संपवली. म्हणणं साधं होतं. गेंट शहरात ती आणि तिचे अकरा सहकारी ईमेलचा प्रोग्रॅम बनवत. पण एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने ऑफिसच्या कामाच्या प्रोग्रॅमांच्या संचाला स्वतःचा ईमेल प्रोग्रॅम चिकटवून द्यायला सुरुवात केल्यापासून यांच्याकडे कुणी फिरकेना. आज तक्रार फेटाळली गेली, तर वीर्लेच्या कंपनीला कुलूप.

बड्या कंपनीचे वकील देलविन्य उठले. माणूस असा गोड, की नकारसुद्धा चॉकलेटात बुडवून देई.

"अध्यक्षबाई, आम्ही कुणावर काहीच लादत नाही. नको असेल तर काढून टाका. दोन क्लिक!"

अध्यक्षबाई मारिका लुत्स एस्टोनियाच्या. कमी बोलणाऱ्या. "काढून दाखवा."

"आत्ता?"

"लॅपटॉप समोरच आहे की तुमच्या."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वकीलसाहेबांचा बाण सरकू लागला. इथला शिरस्ता असा, की सभागृहात जे घडेल ते काचेच्या खोल्यांतल्या दुभाष्यांनी आपापल्या भाषेत सांगायचं. कुणी बोलेना, तेव्हा ते पडदाच वाचू लागले.

पहिला क्लिक. 'नक्की काढायचं?' दुसरा. 'अगदी नक्की?' तिसरा. 'आमचं काही चुकलं का?'

"चार!" वीर्लेच्या कानात डच दुभाष्या ओरडला. शेजारच्या खोलीतली इटालियन दुभाषी तर उभी राहून हातवारे करत होती, जणू अंतिम सामन्यातली पेनल्टीच चालली आहे.

नवव्या क्लिकला प्रोग्रॅम गेला. वकिलांनी कपाळ पुसलं. लॅपटॉप आपणहून बंद होऊन चालू झाला आणि पडदा उजळला: 'तुम्ही परत आलात, आनंद झाला! तुमचा ईमेल तयार आहे.'

"ही सुरक्षेची सोय आहे," देलविन्य म्हणाले.

"कुणाच्या?" मारिकाबाईंनी विचारलं.

वकील फोन घेऊन बाहेर गेले. वीर्लेने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. वीस मिनिटांनी ते परतले, तेव्हा चॉकलेट पार वितळलं होतं. "कंपनी ईमेलशिवायचा संच विकायला तयार आहे. कमी किमतीत."

"लेखी?"

"लेखी."

वीर्लेने जिन्यातूनच गेंटला आपल्या सहकाऱ्याला, वानेसला, फोन लावला. "वानेस, जिंकलो रे! आता ज्याला जो हवा तो प्रोग्रॅम तो घेणार!"

पलीकडे आरडाओरडा, खुर्च्या पडल्याचे आवाज. मग वानेसचा दबका स्वर: "वीर्ले, म्हणजे आता आपला प्रोग्रॅम खरोखरच चांगला करावा लागणार?"

"लागणारच! मी निघालेय, कुणी घरी जायचं नाही!"