हिरव्या दिव्याखालची वासरं

मुलांनो, एक लांबलचक गोठा डोळ्यांसमोर आणा. वर पत्रा, खाली वाळलेलं गवत, दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एकेक वासरू. काही अजून दुधावरची, काही नुकती चारा चघळायला शिकलेली. आता मान वर करा. मधल्या तुळईला जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी टांगलेली दिसेल. तिच्या पोटाला बारीक भोकं आहेत आणि पुढे दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. आत्ता हिरवा लागला आहे. तुम्ही तिथे उभे असता, तर तो बघून तुम्हालाही बरं वाटलं असतं. तिथल्या सगळ्यांनाच वाटत होतं.

त्या पेटीला ‘कान’ म्हणत. तो खारूच्या मावशीने बनवला होता. खारू ही दहा-अकरा वर्षांची मुलगी. एका जागी बूड म्हणून टेकत नाही, त्यामुळे घरात सगळे तिला खारू म्हणत, आणि तिचं शाळेतलं नाव आठवायला तिच्या वडिलांनाही जरा वेळ लागे. सुट्टी लागली की ती मावशीकडे राहायला जायची. मावशी एका संशोधन संस्थेत कामाला होती. लोकांच्या रोजच्या अडचणींवर तिथे उपाय शोधत. कुणाकडे गढूळ पाणी होतं, कुणाकडे सारखे बंद पडणारे पंप. मावशीच्या वाट्याला वासरं आली होती.

अडचण अशी होती. थंडी आणि दमट हवा एकत्र आली की वासरांची फुप्फुसं सुजतात. सुरुवातीलाच औषध मिळालं तर वासरू वाचतं. उशीर झाला की हातचं जातं. पण गोठ्यात वासरं ढीगभर आणि बघायला गोठेवाले काका एकटे. ते तरी किती फेऱ्या मारणार? म्हणून मावशीने ठरवलं, वासरांचे आवाज न थकता ऐकत राहील असं यंत्र करायचं. वासरू खोकलं, कण्हलं, की लाल दिवा. सगळं ठीक असलं, की हिरवा.

असं यंत्र शिकतं कसं, ते नीट ऐका. आजार म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक नसतं. तुम्ही त्याला हजारो आवाज ऐकवायचे आणि प्रत्येकाचं नाव सांगायचं. हा खोकला, हे भुकेचं हंबरणं. एखादं नाव तुम्ही चुकीचं सांगितलंत, तर यंत्र ती चूकही मन लावून पाठ करतं. तुमच्यासारखं ते मध्येच हात वर करून शंका विचारत नाही.

ही नावं देण्याचं काम मावशी आणि खारू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करत. दोघींच्या कानांवर हेडफोन, शेजारी गार झालेला चहा. तेव्हा गोठ्यात नुसता मायक्रोफोन लावलेला होता. त्याचं रेकॉर्डिंग यायचं, आणि कुठल्या कप्प्यात काय घडलं ते काका मोबाइलवर बोलून पाठवायचे. सातव्याचं रात्रभर खोकत होतं. बाराव्याने दूध सोडलं. सातव्याचं पहाटे शांत झालं. खारू निरोप ऐकून मावशीला सांगायची, मावशी त्या वेळेचं रेकॉर्डिंग काढून त्याला नाव द्यायची. सातवं, पहाट, ‘शांत’. झोप लागली एकदाची बिचाऱ्याला, असं ती म्हणायची आणि पुढचं काढायची. अशा ‘शांत’ आवाजांमध्ये खारूला कधीकधी एक बारीक घरघर ऐकू यायची. मावशीला ती घोरण्यासारखी वाटे. माझ्यासारखंच घोरतंय, म्हणून ती हसायचीसुद्धा.

हिवाळा लागला आणि कान गोठ्यात टांगला गेला. काकांनी पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा घेतली. स्वतःच त्याच्याखाली उभं राहून खोकले, तर लाल दिवा लागला. मग त्यांचा विश्वास बसला. रात्रीची फेरी त्यांनी बंद केली, दिवसाचीही कमी केली. खोलीच्या खिडकीतून दिवा दिसत होता. हिरवा आहे ना, मग झालं.

नंतर वासरं दगावू लागली. आधी एक, मग लागोपाठ दोन, मग जवळजवळ रोज. मावशीने संस्थेतून रजा घेतली आणि सुट्टीला आलेल्या खारूला बरोबर घेऊन गोठ्यावरच मुक्काम ठोकला. तिने तारा तपासल्या, बॅटरी बदलली, मायक्रोफोन खोलून पुसून काढला. यंत्रात कुठेही दोष नव्हता. ज्या सकाळी दोन वासरं एकदम गेली, त्या सकाळी तर दिवा एकदाही लाल झाला नव्हता.

त्या दोघांतलं एक ठिपक्या होतं. आल्या दिवसापासून खारू त्याला बाटलीने दूध पाजत होती. त्या सकाळी बाटली घेऊन ती कप्प्यापाशी आली, तेव्हा काका त्याच्या अंगावर पोतं घालत होते. ती नळीला धरून उभी राहिली. काका तिच्याकडे न बघता बोलले.

“काल जरा कण्हलं होतं, पण दिवा हिरवाच. मी आलो तर शांत झालेलं.”

“म्हणजे झोपलं होतं?”

“झोपलं काय गं पोरी.” काकांनी पोत्याचं टोक नीट खाली सरकवलं. “गेलं. शांत झालं म्हणजे गेलं.”

मग हलक्या आवाजात त्यांनी समजावलं, की मरणाचा शब्द गोठ्यात उच्चारायचा नसतो. बाकीची जनावरं ऐकत असतात. त्यांनी स्वतः तो आजवर कधी उच्चारला नव्हता.

दुधाची बाटली तिथेच ठेवून खारू कोपऱ्यातल्या खोलीत गेली. मावशी टेबलावर पेटीचे भाग मांडून बसली होती. खारूने मावशीचा मोबाइल उचलला, काकांचे जुने निरोप शोधले आणि एकेक लावत गेली. सातव्याचं पहाटे शांत झालं. तिसऱ्याचं दुपारी शांत झालं. विसाव्याचं शांत झालं, फार तळमळलं.

पहिल्यांदा मावशी वैतागली. मग तिच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

“सातव्याचा नंतर एकही निरोप नाही,” खारू म्हणाली. “बरं झालं म्हणून नाही, असं आपल्याला वाटलं.”

मावशीने पेचकस खाली ठेवला. मरणाऱ्या वासराचा श्वास यंत्राला दोघींनी मिळून ऐकवला होता आणि हे ठीक आहे असं सांगितलं होतं. यंत्र तेच करत होतं. जितकं वासरू मरणाजवळ, तितका दिवा पक्का हिरवा.

इथला कान तर टेबलावर उघडा पडला होता, आता तो कुणाला फसवणार नव्हता. पण तसेच तीन कान इथलं पहिलं वासरू दगावण्याआधीच दुसऱ्या तीन गोठ्यांवर गेले होते. दिव्यावर भरवसा ठेवा असं तिथल्या लोकांना सांगणारी मावशीच होती. ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. उद्या डॉक्टर येणार होते. त्यांच्यासमोर एकदा तपासून बघते, मग सगळ्यांना रीतसर कळवते, असं ती म्हणू लागली. नुसत्या एका शब्दावरून इतक्या वर्षांची मेहनत कशी मोडीत काढायची? आणि खारूचा अंदाज चुकला असेल तर?

“तोवर तिकडचे लोक आत जाऊन बघतील का गं?” खारूने विचारलं.

मावशी खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मोबाइल खारूच्याच हातात होता. गोठ्यांचे नंबर त्यात होते. पहिला नंबर एका काकूंचा होता. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे भांडी वाजत होती. खारूने आपण कोण ते सांगितलं आणि आत्ता गोठ्यात जाऊन बघायला सांगितलं. काकू हसल्या. दिवा हिरवा आहे की, इथून दिसतोय मला, म्हणाल्या.

“दिवा बघू नका, काकू. एकेकाला हात लावून उठवा. जे उठणार नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांना बोलवा.”

“मावशीला दे बरं फोन.”

खारूने मावशीकडे बघितलं. मावशीने तोंडावरचे हात काढले नव्हते.

“ती आत्ता बोलू शकत नाही. चूक आमची आहे, काकू. जा ना.”

भांड्यांचा आवाज थांबला. मग चपला फटफटत गेल्या, कडी काढल्याचा आवाज आला. काकू एका वासराला उठ रे, उठ म्हणत होत्या. ते उठलं असावं. मग दुसऱ्याला. तिसऱ्याला त्या बराच वेळ उठ म्हणत राहिल्या.

मग काकूंनी कुणाला तरी मोठ्याने हाक मारली आणि फोन बंद झाला. खारूने बाहीने नाक पुसलं आणि पुढच्या गोठ्याचा नंबर लावला.