कार्मेनाबाईंची लेस

न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घरात एक कपाट आहे. लोकांनी दिलेल्या आणि आम्हाला नको असलेल्या वस्तू त्यात असतात. कुणाचं बोलावणं आलं की त्यातलंच काहीतरी मी चांगल्या कागदात बांधते. नावं ठेवू नका, इथून एडिसनपर्यंत प्रत्येक मराठी घरात असं एक कपाट सापडेल.

२००६ च्या उन्हाळ्यात माझी रुही कॉलेजच्या ग्रुपबरोबर माल्टाजवळच्या गोझो बेटावर पाच आठवडे राहून आली. विषय मानववंशशास्त्र. कॉम्प्युटर सोडून हिने हे घेतलं म्हणून मी आधीच धुसफुसत होते. परक्या म्हाताऱ्यांच्या दारात बसायचं आणि त्या काय करतात ते वहीत लिहायचं, याला काय शिक्षण म्हणायचं? मी चेष्टा केली की ती शांतपणे म्हणायची, "आई, दे हॅव देअर रीझन्स."

ती कार्मेना नावाच्या विधवा बाईंकडे राहिली होती. त्यांनी माझ्यासाठी स्वतः विणलेल्या लेसचा टेबलक्लॉथ पाठवला. मी "छान आहे हं" म्हटलं आणि कपाटात टाकला. सप्टेंबरात तो माझ्या मैत्रिणीच्या, शैलजाच्या वास्तुशांतीला देऊन मोकळी झाले.

पुढच्या मे महिन्यात कार्मेनाबाई न्यूयॉर्कला भाच्याकडे आल्या आणि रुहीने त्यांना आमच्याकडे चहाला बोलावलं. "आई, तो टेबलक्लॉथ घाल हं," तिने बजावलं. मी चोरून शैलजाला फोन केला. तिने तो केव्हाच नागपूरच्या एका लग्नात दिला होता. रुहीला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

कार्मेनाबाई काळा ड्रेस आणि गळ्याशी लेसची कॉलर घालून आल्या. टेबलावरच्या माझ्या प्लास्टिकच्या कव्हरवरून त्यांनी हात फिरवला.

"माय लेस? आय मेक, टू विंटर्स," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

"ते... लाँड्रीत..." मी चाचरले.

रुहीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. कपाट आणि शैलजाची वास्तुशांत, दोन्ही तिला ठाऊक होतं. मग त्यांना समजावून सांगितलं, की आमच्यात सगळ्यात सुंदर भेट स्वतः ठेवत नाहीत, मैत्रिणीच्या नव्या घराला देतात. अगदी बेटावरच्या लोकांबद्दल मला सांगायची त्याच आवाजात.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी गळ्यातली कॉलर काढून माझ्या हातात ठेवली. "धिस, फॉर नेक्स्ट फ्रेंड."

मी चहाच्या निमित्ताने किचनमध्ये पळाले. रुही मागोमाग आली. तिचे डोळे भरले होते.

"आई, फाइव्ह वीक्स मी तिच्या घरात राहिले. आय नेव्हर लाइड टु हर. नॉट वन्स."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तसाच ठेवून मी कॉलर घेऊन बाहेर गेले आणि कार्मेनाबाईंना सगळं खरं सांगितलं. कपाटाचंही. तुमची वस्तू मला नको होती, हेही.

मग त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून कॉलर परत घेतली आणि पुन्हा गळ्यात घातली. मागचं बटण त्यांना लावता येईना. मी पुढे झाले, तर त्या किंचित मागे सरकल्या.

रुहीने ते लावून दिलं.